फ्लोराइड : घालणे, काढणे आणि मोजणे

माझ्या नोकरीच्या तीस वर्षांत फ्लोराइड या शब्दामागून येणारे क्रियापद एकच होते, आणि ते म्हणजे काढणे. इंदूरच्या एका पाणी-तपासणी प्रयोगशाळेत मी रसायनतज्ज्ञ होते. झाबुआ आणि धार जिल्ह्यांतल्या हँडपंपांचे पाणी प्लास्टिकच्या बाटल्यांतून आमच्याकडे येई, मी त्यातले फ्लोराइड मोजून आकडा नोंदवहीत लिहीत असे, आणि आकडा मोठा आला की पुढचा प्रश्न ठरलेलाच असे : हे काढायचे कसे? त्यामुळे २०२१ सालच्या ऑक्टोबरात, कॅनडातल्या कॅलगरी शहरात स्थायिक झालेल्या माझ्या भाचीने फोनवर, "आत्या, आमच्याकडे पाण्यात फ्लोराइड घालायचं की नाही यावर मतदान आहे, मी काय करू?" असे विचारले, तेव्हा तिचा 'घालायचं' हा शब्द मला क्षणभर कळलाच नाही. दातांची कीड कमी व्हावी म्हणून जगातली अनेक शहरे पाण्यात फ्लोराइड घालतात हे मी शिकले होते. पण आमच्याच घरातले पोर त्या बाजूला उभे राहून मला सल्ला विचारील, असे कधी वाटले नव्हते.

तेव्हा मी तिला घाईत एवढेच म्हटले की किती घालणार आहेत ते आधी विचार. ते उत्तर अपुरे होते, आणि ते पुरे करावे असे मनात राहून गेले. अलीकडे अमेरिकेतला हा वाद पुन्हा पेटला, आणि रामबागेतल्या आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावरही त्याचे संदेश फिरू लागले. त्यातल्या एकात वाकड्या पायांच्या एका मुलाचे छायाचित्र होते आणि खाली लिहिले होते की अमेरिकेतली सरकारे नळाच्या पाण्यात हेच विष मिसळतात. तसे पाय मी आमच्या भागातल्या गावांत पाहिलेले आहेत, आणि ते नळात काही मिसळल्यामुळे वाकलेले नाहीत. दुसऱ्या बाजूच्या एका लेखात फ्लोराइडने दातांवर पडणारे डाग हा केवळ दिसण्याचा प्रश्न असल्याचे ठामपणे लिहिले होते. मला दोन्हींचा सारखाच राग आला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या साऱ्या प्रकरणाची सुरुवात डागांपासूनच झाली, हे पुष्कळांना माहीत नसते. फ्रेडरिक मॅके नावाचा एक तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना थाटायला गेला, आणि तिथे जन्मलेल्या माणसांच्या दातांवर त्याला तपकिरी डाग दिसले. कुठल्याच पुस्तकात त्यांचा उल्लेख नव्हता. त्याने हा प्रश्न सोडला नाही, आणि पुढे जी. व्ही. ब्लॅक या नामांकित दंतशास्त्रज्ञाला त्यात ओढून घेतले. दोघांना दोन गोष्टी कळल्या : डाग लहानपणी दात घडत असतानाच पडतात, मोठेपणी तिथे राहायला आलेल्यांना ते होत नाहीत, आणि या डागाळलेल्या दातांना कीड मात्र कमी लागते. कारण पाण्यात असावे असा मॅकेचा तर्क होता, पण पाण्यात नेमके काय, हे कळायला १९३१ साल उजाडावे लागले. आर्कान्सामधल्या बॉक्साइट या खाणगावात मुलांचे दात असेच खराब होऊ लागले होते. आपल्या अॅल्युमिनियमच्या भांड्यांवर आळ येईल या काळजीने तिथल्या अॅल्युमिनियम कंपनीचा रसायनतज्ज्ञ एच. व्ही. चर्चिल याने गावचे पाणी बारकाईने तपासले, आणि त्यात फ्लोराइड सापडले. या कथेतला एक तपशील मला कायम अस्वस्थ करतो. बॉक्साइट गावाने १९०९ मध्ये उथळ विहिरी सोडून खोल विहिरींचे पाणी घेतले होते, आणि मुलांचे दात बिघडले ते त्यानंतर. आमच्या झाबुआत सत्तर-ऐंशी वर्षांनी नेमके हेच झाले, पण त्याविषयी पुढे लिहिते.

त्यानंतर ट्रेंडली डीन या सरकारी दंतवैद्याने १९३०च्या दशकात अनेक गावांतल्या मुलांचे दात आणि तिथले पाणी ताडून पाहिले. लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर कीड पुष्कळ कमी होते आणि डाग फारसे पडत नाहीत, असे त्याला आढळले. मग साहजिकच पुढचा विचार आला : जिथल्या पाण्यात मुळात फ्लोराइड नाही तिथे ते घातले तर? २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहराने जगात प्रथम आपल्या पाण्यात फ्लोराइड घातले, आणि शेजारचे मस्किगन शहर तुलनेसाठी तसेच ठेवले गेले. प्रयोग पंधरा वर्षांचा होता, तीसेक हजार शाळकरी मुलांचे दात वर्षानुवर्षे पाहिले गेले, आणि फ्लोराइड सुरू झाल्यावर जन्मलेल्या मुलांत कीड साठ टक्क्यांहून अधिक घटली. मस्किगनला तर एवढा धीर धरवला नाही, त्याने १९५१ मध्येच आपल्या पाण्यातही फ्लोराइड घालायला सुरुवात केली. रोगनियंत्रणाचे काम पाहणाऱ्या अमेरिकी केंद्राने १९९९ मध्ये या उपायाला विसाव्या शतकातल्या दहा मोठ्या सार्वजनिक आरोग्य-यशांत बसवले, त्यामागे हा इतिहास आहे, आणि तो खोटा नाही.

मात्र १९४५ साली फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट घरोघरी नव्हती. आज या वादात सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मला हाच वाटतो आणि त्यावर सर्वांत कमी बोलले जाते. फ्लोराइड पोटात जाऊन घडणाऱ्या दातांत बसते म्हणून कीड लागत नाही, अशी पूर्वी समजूत होती. पुढच्या संशोधनाने असे दाखवले की त्याचा मुख्य उपयोग दाताच्या पृष्ठभागावरच होतो. आपण गोड काही खाल्ले की तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि दाताच्या आवरणातले कॅल्शियम-फॉस्फेट विरघळू लागते. लाळेत थोडेसे फ्लोराइड असेल तर गेलेले खनिज पुन्हा बसण्याची क्रिया वेगाने होते आणि नव्याने बसलेले खनिज आम्लाला अधिक दाद देत नाही. म्हणजे लाभ हवा असेल तर फ्लोराइड दातांना लागले पाहिजे, गिळलेच पाहिजे असे नाही. पाण्यातले फ्लोराइडही तोंडातून जाताना हेच काम करते, हे खरे. पण दिवसातून दोनदा पेस्टने दात घासणाऱ्या मुलाला त्याची भर किती पडणार? कॉक्रेन या संस्थेने २०२४ मध्ये जुने-नवे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा पेस्टच्या जमान्यातल्या अभ्यासांत हा लाभ मुलामागे सरासरी पाव दुधाच्या दाताएवढा निघाला, आणि तोही पूर्ण खात्रीने सांगता येत नाही असा. साठ टक्क्यांवरून पाव दातावर येणे म्हणजे आधीचे शास्त्रज्ञ चुकले असे मुळीच नाही. त्यांनी मोजले ते त्या काळच्या तोंडांत मोजले होते.

माझ्या भाचीच्या शहराची गोष्ट मात्र या सरासरीत पूर्णपणे मावत नाही. कॅलगरीने १९९१ पासून फ्लोराइड घातले, २०११ मध्ये नगर परिषदेने ते बंद केले, आणि त्याच प्रांतातल्या एडमंटन शहराने चालू ठेवले. एकाच प्रांतातली दोन मोठी शहरे अशी आपोआप तुलनेला मिळाली. सात-आठ वर्षांनी दुसरीतल्या मुलांचे दात तपासले तेव्हा दुधाच्या दातांना कीड असलेली मुले कॅलगरीत सुमारे ६५ टक्के आणि एडमंटनमध्ये सुमारे ५५ टक्के भरली. २०२१च्या मतदानात साठ टक्क्यांहून अधिक लोकांनी फ्लोराइड परत आणावे असा कौल दिला, आणि ३० जून २०२५ पासून ते पुन्हा सुरू झाले. ज्या घरांत दंतवैद्याची फी परवडत नाही, जिथे आईवडील दोन पाळ्यांत कामाला आहेत आणि रात्री पोराचे दात घासून घ्यायला घरी कोणी नाही, अशा घरांतल्या मुलांपर्यंत नळाचे पाणी काही न मागता पोहोचते. फ्लोराइडच्या बाजूने मला पटलेला सर्वांत वजनदार युक्तिवाद हा आहे.

विरोधकांचाही एक युक्तिवाद तेवढ्याच वजनाचा आहे, आणि गेली सत्तर वर्षे तो तऱ्हेवाईक माणसांच्या गर्दीत दबून गेला आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत फ्लोराइड हा साम्यवाद्यांचा कट असल्याचा प्रचार झाला, आणि तेव्हापासून या विषयावर शंका काढणारा प्रत्येक माणूस त्याच पंगतीला बसवला जातो. पण पाणी शुद्ध करण्यासाठी क्लोरीन घालणे वेगळे आणि पिणाऱ्याच्या शरीरावर परिणाम व्हावा म्हणून काही घालणे वेगळे, हा भेद खरा आहे. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये कायद्याचा आधार नसताना असे करता येणार नाही असा निर्णय दिला आणि १९७६ पर्यंत तिथले फ्लोराइडीकरण संपले. स्वित्झर्लंडने फार पूर्वी, १९५५ पासून, फ्लोराइडयुक्त मिठाचा मार्ग धरला. तिथे दुकानात दोन्ही प्रकारचे मीठ मिळते आणि कोणते घ्यायचे ते गिऱ्हाईक ठरवते. मला हा मार्ग शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात निवड माणसाच्या हातात राहते.

आता हा वाद दातांवरून मेंदूवर गेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ऑगस्ट २०२४ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडचा संबंध मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी असल्याचे त्यात मध्यम खात्रीने म्हटले, आणि अमेरिकेत घातल्या जाणाऱ्या ०.७ मिलिग्रॅमबद्दल निष्कर्ष काढण्याइतकी माहिती नाही हेही स्पष्ट केले. पुढच्याच महिन्यात तिथल्या एका संघराज्य न्यायालयाने पर्यावरण संरक्षण विभागाला या धोक्याची कायद्याने दखल घेण्याचा आदेश दिला. २०२५ मध्ये यूटा राज्याने आणि पाठोपाठ फ्लोरिडाने पाण्यात फ्लोराइड घालण्यावर बंदी आणली. आमच्या गटावरच्या संदेशांत त्या अहवालाचे पहिले वाक्य होते, दुसरे नव्हते.

पण तो १.५चा आकडा वाचून मी वेगळ्याच कारणाने उठून बसले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १.५ आहे. आपल्या भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यासाठी १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ ही सह्य मर्यादा ठरवली आहे. म्हणजे अमेरिकेतले आईबाप ज्या रेषेच्या पलीकडचे ऐकून घाबरले ती आपली शेवटची रेषा आहे, आणि ती ओलांडणारे पाणी पिऊन आमच्या पश्चिमेकडच्या गावांत पिढ्या वाढल्या. त्या अहवालासाठी पाहिलेले अभ्यास तरी कुठले? मुख्यत्वे चीनमधले, आणि शिवाय भारत, इराण, मेक्सिको अशा देशांतले, जिथे जमिनीतच फ्लोराइड जास्त आहे. आपल्या मुलांच्या दुखण्यावरून तिकडे कायदे बदलले, आणि इकडे आपण तो वाद परक्याचा समजून पुढे पाठवत बसलो.

झाबुआ इंदूरपासून दीडशे किलोमीटर आहे. इंदूर माळव्याच्या काळ्या बेसाल्टवर बसलेले आहे, आणि १९७८ पासून नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर वाहून, पाचशे मीटरहून उंच चढवून आपल्या टाक्यांत पडते. त्यामुळे इंदूरकराला फ्लोराइडची ओळख नाही. झाबुआकडे जाताना बेसाल्ट संपतो आणि ग्रॅनाइट-नाइससारखे जुने खडक लागतात. त्यांतल्या फ्लोराइडयुक्त खनिजांवरून पाणी वर्षानुवर्षे सावकाश झिरपते; पाण्यात सोडियम-बायकार्बोनेट जास्त आणि कॅल्शियम कमी असले की फ्लोराइड अधिक सुटते, आणि जितके खोल जावे तितका पाणी आणि खडक यांचा सहवास जुना असतो. उथळ विहिरी, नाले, पायऱ्यांच्या बावड्या यांच्या पाण्यात हा दोष सहसा कमी असे. त्यांत दुसरा दोष होता, तो नारूचा, म्हणजे पाण्यावाटे शरीरात जाऊन वाढणाऱ्या आणि पायातून बाहेर पडणाऱ्या लांब कृमीचा. नारू झालेला माणूस पाणी भरायला पायरीवर उतरला की त्याच्या पायाच्या जखमेतून अळ्या पाण्यात जात, आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. म्हणून बावड्या बंद झाल्या आणि गावोगावी बोअर घेऊन इंडिया मार्क टू हँडपंप बसले. (या पंपाच्या घडणीत जालना आणि सोलापूरच्या पंपांचा मोठा वाटा आहे, हे सांगताना मला नेहमी अभिमान वाटतो.) १९९६ नंतर देशात नारूचा रुग्ण सापडला नाही, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त जाहीर केले. ते काम मोठेच होते, त्यात मला तिळमात्र शंका नाही. फक्त ज्या पंपांनी नारू घालवला त्यांच्या पाण्यातले फ्लोराइड पंप बसवताना कोणी मोजले नाही.

भारतात फ्लोरोसिस, म्हणजे जास्त फ्लोराइडने दात आणि हाडे बिघडण्याचा रोग, तेव्हा अनोळखी नव्हता. नेल्लोर भागातल्या फ्लोरोसिसच्या रुग्णांचे वर्णन १९३७ मध्येच प्रसिद्ध झाले होते. नलगोंडा जिल्ह्यातल्या पाण्यासाठी नागपूरच्या नीरी संस्थेने १९७०च्या दशकात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची पद्धत शोधली, तिला आजही नलगोंडा पद्धत म्हणतात. माहिती होती, ती बोअर घेणाऱ्या यंत्रापर्यंत गेली नाही.

आम्ही गावात जाऊन पाणी तपासायचो ती पद्धत आज जुनी झाली आहे, पण ती डोळ्यांना दिसणारी होती. झिर्कोनियम आणि अलिझारिनचे द्रावण लालसर असते. हँडपंपाचे पाणी उंच नळीत शंभर मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरायचे, त्यात हे द्रावण घालायचे, शेजारी शून्य, अर्धा, एक, दीड अशा माहितीच्या नळ्या मांडायच्या आणि तासभर थांबायचे. फ्लोराइड झिर्कोनियमला आपल्याकडे ओढून घेते आणि लाली उतरून पिवळेपणा येतो. जितके फ्लोराइड जास्त, तितका रंग पिवळा. साधारण १९९८च्या उन्हाळ्यात झाबुआ जिल्ह्यातल्या एका फळ्यावर, म्हणजे वस्तीवर, शाळेच्या ओट्यावर मी अशा नळ्या मांडल्या होत्या. पाणी काचेसारखे स्वच्छ, गार आणि चवीला गोड होते. इंदूरच्या बोरिंगचे पाणीही तसे लागत नाही. तासाभराने ते आमच्या शेवटच्या नळीपेक्षाही पिवळे झाले होते. पाणी दुप्पट-चौपट पातळ करून पुन्हा मोजले तेव्हा आकडा चारच्या वर गेला.

नऊ-दहा वर्षांची एक मुलगी तो तासभर माझ्याजवळ बसून होती. रंग बदलल्यावर ती हसली आणि चटकन ओढणी तोंडावर धरली. तिच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि त्यांतून आडव्या तपकिरी रेघा होत्या, एका दाताचा कोपरा झिजून गेला होता. ती ओढणी मी अजून विसरलेले नाही. डाग हा केवळ दिसण्याचा प्रश्न आहे असे लिहिणाऱ्याने तिच्या वयाच्या मुलीला असे हसताना पाहिलेले नसावे. तिच्या काकाला आम्ही तीन साध्या हालचाली करायला सांगितल्या : हनुवटी छातीला टेकवणे, गुडघे न वाकवता पायाचे अंगठे धरणे, दोन्ही हात मानेमागे नेणे. हाडांच्या फ्लोरोसिसचा संशय घेण्याची ही सोपी रीत आहे. तो चाळिशीचा होता, आणि यांतले एकही त्याला नीट जमले नाही. आम्ही पंप बंद करा म्हणालो तेव्हा त्याने विचारले, मग प्यायचे काय? त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते.

मात्रा हा आपला शब्द मला इथे फार नेमका वाटतो. वैद्य मात्रा देतो ती माणूस पाहून, वजन पाहून, ऋतू पाहून. पाण्यातून दिलेली मात्रा मात्र तहान ठरवते. कॅलगरीतले मूल दिवसाला लिटरभर पाणी पीत असेल तर ०.७च्या हिशेबाने त्याच्या पोटात ०.७ मिलिग्रॅम जाते. आमच्याकडे मे महिन्यात उन्हात खडी फोडणारा मजूर सहज सहा-सात लिटर पाणी पितो; पाणी अगदी १ मिलिग्रॅमचे, म्हणजे आपल्या मानकाप्रमाणे उत्तम असले, तरी त्याला सहा-सात मिलिग्रॅम मिळतात, आणि चारचे असेल तर चोवीस ते अठ्ठावीस. त्याच पाण्यात शिजलेली डाळ आणि दिवसभरातला चहा यांतून जाते ते वेगळेच. अमेरिकेनेही हे ओळखले होते : १९६२ मध्ये त्यांनी हवामानानुसार ०.७ ते १.२ अशी मर्यादा ठरवली, गरम भागात कमी आणि थंड भागात जास्त, आणि पेस्ट वगैरेंतून मिळणारे फ्लोराइड लक्षात घेऊन २०१५ मध्ये ती सगळीकडे ०.७वर आणली. त्यातून खाणेही मोजावे लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये आंध्रातल्या तरुणांचे गुडघे आत वळल्याचे वर्णन केले, तेव्हा फ्लोराइडच्या जोडीला निकृष्ट आहार असल्याचे दिसले. जिथे कॅल्शियम कमी तिथे तेच फ्लोराइड जास्त चावते. म्हणून झाबुआत काम करणाऱ्या संस्थांनी पावसाळ्यात रानोमाळ उगवणारा टाकळा खाण्याचा आग्रह धरला, कारण त्याच्या पानांत कॅल्शियम भरपूर असते. माझी आजी आषाढात टाकळ्याची भाजी खोबरे घालून करत असे. ती भाजी औषध म्हणून सांगताना मला फार बरे वाटे.

गाळण्यांचा अनुभव मात्र कडू आहे. त्या वस्तीच्या पंपाला पुढे सक्रिय अॅल्युमिनाची गाळणी बसली. अॅल्युमिना फ्लोराइड धरून ठेवते, पण ते भरले की कॉस्टिक सोड्याने धुऊन पुन्हा कामाला लावावे लागते. बसवणाऱ्या ठेकेदाराचे काम बसवण्यापर्यंतच होते, धुण्याचे कोणाकडेच नव्हते. वर्षभराने मी त्याच पाण्याचा आकडा पुन्हा लिहिला, तो पहिल्याइतकाच होता, आणि कागदोपत्री तो पंप सुरक्षित पंपांच्या यादीत जाऊन बसला होता. मी तसा अहवाल दिला, दोनदा स्मरणपत्र पाठवले. यादी माझ्या निवृत्तीपर्यंत बदलली नाही. मला त्याची खंत आहे, आणि आणखी जोर लावायला हवा होता असे आजही वाटते.

तेव्हा भाचीला आज मी काय सांगीन? तुझ्या शहराला रोज किती घातले जाते ते ठाऊक आहे, ते रोज मोजले जाते, चुकले तर जाब विचारता येतो, आणि लोकांनी मत देऊन ते घेतले आहे. अशा शहरात ०.७ला मी विरोध करणार नाही. तान्ह्या बाळाचे डब्याचे दूध त्या पाण्यात कालवायचे असेल, तर मात्र डॉक्टरांना विचार. आपल्या देशात पाण्यात फ्लोराइड घालण्याची कल्पना कोणी मांडली तर मी पूर्ण ताकदीने विरोध करीन, कारण शेजारच्या दोन बोअरांच्या पाण्यातही पाचपट फरक निघू शकतो. आपल्या शहरी मुलांच्या किडीवर पेस्ट हाच सरळ उपाय आहे, आपल्या कायद्याने तिच्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत १००० भाग अशी घातलेली आहे. लहान मुलाला वाटाण्याएवढी द्यावी आणि थुंकायला शिकवावे. इंदूरच्या ज्या घरांत नर्मदेची टाकी वेगळी आणि बोरिंगची वेगळी आहे त्यांनी बोरिंगचे पाणी प्यायच्या आधी एकदा तपासून घ्यावे. आरओ यंत्र फ्लोराइड काढते, पण जिथे ते मुळातच कमी आहे तिथे त्यासाठी यंत्र लावून अर्धे पाणी मोरीत सोडण्याचे कारण नाही.

गेल्या हिवाळ्यात मी त्या वस्तीवर पुन्हा गेले. ती मुलगी आता पस्तिशीच्या पुढे आहे, बाळंतपणांनंतर माहेरीच राहिली आहे, आणि बोलताना तिचा हात अजून तोंडाकडे जातो. तिची थोरली अकरा वर्षांची आहे. तिच्या दातांवर आईच्याच रेघा आहेत. नदीच्या पाण्याची नळयोजना चार वर्षांपूर्वी आली, तेव्हा धाकटा तान्हा होता. नळाचे पाणी मी बरोबर नेलेल्या संचाने मोजले, रंग लालच राहिला, अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली. पण नळ एक दिवसाआड येतो, आणि घागर रिकामी झाली की सगळे जुन्या पंपावर जातात. पंपावरची लाल फुली उन्हाने पुसट झाली आहे. तिने धाकट्याला माझ्यासमोर उभे केले आणि तोंड उघडायला लावले. दात पांढरेशुभ्र होते. तिने विचारले, "बाई, हा सुटला ना?" मी तिला खरे ते सांगितले, की हे दुधाचे दात आहेत, त्यांच्यावर डाग सहसा उमटत नाहीत, कायमचे पुढचे दात यायला अजून दोन-तीन वर्षे आहेत, आणि ते आतल्या आत आत्ताच घडत आहेत. नळ येत नाही त्या दिवसासाठी आदल्या दिवशीच याच्यापुरते एक भांडे भरून वेगळे झाकून ठेव, असे सांगितले, तर तिने आत जाऊन झाकणीची एक पितळी कळशी आणली आणि ती दिवसभराला पुरेल का, असे विचारले. आम्ही दोघींनी त्याचे पेले मोजले. कळशी पुरत होती.